वही कोणाच्या नावावर? : स्वतंत्रपणे रॅप करू पाहणाऱ्या मराठी मुलांसाठी

भाषा आणि साहित्याला वाहिलेल्या वार्षिकात रॅपवर लेख कशासाठी, हा प्रश्न काही वाचकांना पडेल. कारण साधे आहे. अलीकडे माझ्याकडे कविता दाखवायला येणारी बरीच मुले वही पुढे करत नाहीत. मोबाइल पुढे करतात आणि इयरफोनचे एक टोक माझ्या हातात देतात. ऐकून झाल्यावर प्रतिमा जमली का, लय कुठे अडखळते का, असे क्वचितच कोणी विचारते. विचारतात ते असे : "मॅडम, हे कुठे टाकू? यात पैसे मिळतात का? एक कंपनी सही मागतेय, करू का?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मराठीच्या अध्यापकाला ठाऊक नसली तरी चालेल. तिसऱ्याचे उत्तर मात्र त्याला देता यायला हवे, कारण तो प्रश्न लेखकाच्या हक्काचा आहे आणि रॅप करणारा मुलगा किंवा मुलगी सर्वांत आधी लेखक असते.

हिपहॉपचा इतिहास सांगताना ११ ऑगस्ट १९७३ ही तारीख सांगतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एका इमारतीत डीजे कूल हर्क याने बहिणीने भरवलेल्या नृत्याच्या कार्यक्रमात तबकड्या वाजवल्या, तो हा दिवस. आपल्या विषयासाठी मात्र १९७९ हे साल अधिक महत्त्वाचे आहे. त्या वर्षी 'शुगरहिल गँग' या नावाने 'रॅपर्स डिलाइट' हे गाणे निघाले आणि रॅप पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर विकले गेले. त्या गाण्यात तिघे जण रॅप करतात. त्यांतला एक, बिग बँक हँक, याने आपल्या कडव्यांसाठी ब्राँक्समधल्या ग्रँडमास्टर काझ या रॅपरची वही वापरली. वापरताना त्याने शब्दही नीट बदलले नाहीत. काझ तेव्हा कॅसानोव्हा या नावाने ओळखला जाई आणि त्या नावाची अक्षरे एकेक करून उच्चारलेली त्या गाण्यात तशीच राहून गेली. म्हणजे खरा लेखक कोण, हे गाणे स्वतःच ओरडून सांगते. पण काझला ना श्रेय मिळाले ना मानधन, ही गोष्ट त्याने पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितली.

या कथेचा उत्तरार्ध जास्त बोलका आहे. त्याच गाण्याची चाल 'शिक' या वाद्यवृंदाच्या 'गुड टाइम्स' या गाण्यावर बेतलेली होती. त्याचे रचनाकार नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी कायद्याची भाषा सुरू करताच त्यांची नावे रचनाकार म्हणून लागली. एकाच गाण्यात उसनी घेतलेली चाल तिच्या मालकांकडे परत गेली, उसने घेतलेले शब्द गेले नाहीत. चालीच्या मालकांकडे प्रकाशित ध्वनिमुद्रण होते आणि शब्दांच्या मालकाकडे फक्त वही होती.

मौखिक परंपरेने आपल्याकडे या अडचणीवर फार पूर्वी तोडगा काढलेला दिसतो. अभंगाच्या अखेरच्या चरणात तुकोबांचे, नामदेवांचे, जनाबाईंचे नाव येते. पोवाडा संपवताना शाहीर स्वतःचे, गुरूचे, कधी गावाचेही नाव गुंफतो. आपण तिला नाममुद्रा म्हणतो आणि परीक्षेत तिच्यावर पाच गुणांची टीप विचारतो. रॅपर गाण्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी आपले टोपणनाव, आपली वस्ती, आपला पिनकोड सांगतो तेव्हा तो याच जातीचे काम करत असतो. काझच्या उदाहरणावरून मात्र दिसते की नाममुद्रा लेखक ओळखून देते, त्याचा वाटा मिळवून देत नाही. त्यासाठी नाव आणखी काही ठिकाणी लागावे लागते.

ती ठिकाणे समजण्यासाठी एका गाण्यात किती मालमत्ता असतात ते पाहावे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या दृष्टीने रॅपचे शब्द ही साहित्यकृती आहे. ग्रेस यांच्या कवितेला जे संरक्षण आहे तेच त्यांना आहे : लेखकाच्या हयातीपर्यंत आणि त्यानंतर साठ वर्षे. बीट, म्हणजे शब्दांखालचे संगीत, ही स्वतंत्र संगीतकृती. ध्वनिमुद्रण ही तिसरी मालमत्ता आणि इथे बहुतेक मुले फसतात. कायदा ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणून गायकाला ओळखत नाही, निर्मात्याला ओळखतो. मुद्रण घडवून आणण्याचा पुढाकार आणि जबाबदारी ज्याची, तो निर्माता. स्टुडिओचे भाडे स्वतः भरून, स्वतः ठरवून मुद्रण केले तर निर्माता तुम्ही. "खर्च आमचा, तू फक्त गा," असे म्हणणारा भेटला तर निर्माता तो. यात गैर काही नाही, पण हे ठाऊक असून होकार देणे वेगळे. याशिवाय सादरकर्ता म्हणून गाणाऱ्याचे हक्क असतात ते निराळेच.

शब्दांचा हक्क लिहिताक्षणी निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तरीही वाद झाला तर पुरावा म्हणून नोंदणीचा उपयोग होतो. साहित्यकृतीची सरकारी फी ५०० रुपये आहे, ध्वनिमुद्रणाची २००० रुपये. अर्ज ऑनलाइन करता येतो आणि कोणाचा आक्षेप येतो का हे पाहण्यासाठी तीस दिवस थांबावे लागते. प्रत्येक गाण्याची नोंदणी कोणाला परवडणार नाही. निदान हस्तलिखित जपावे, त्यावर तारीख घालावी आणि खाडाखोड फाडून टाकू नये. खाडाखोड ही रचनेची प्रक्रिया दाखवते. चोरलेल्या मजकुरात ती नसते. हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्यांना हे सांगायला नको.

आता सहीचा प्रश्न. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यामागे गीतकार जावेद अख्तर यांनी राज्यसभेत लावून धरलेला आग्रह होता. त्याआधी हिंदी चित्रपटसृष्टीत गीतकार एकरकमी पैसे घेऊन सगळे हक्क देऊन टाकत असत. दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार आपला कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे करू शकतात, पण रचनेच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला समान वाटा मिळवण्याचा हक्क त्यांना सोडता येत नाही. तो फक्त वारसांकडे किंवा कॉपीराइट सोसायटीकडे जाऊ शकतो. करारात "मी सर्व रॉयल्टी सोडत आहे" असे वाक्य असले आणि खाली सही असली, तरी शब्दांपुरते ते वाक्य टिकणारे नाही. माझ्या पाहण्यातल्या एका करारात नेमके हेच वाक्य होते. तयार करणाऱ्याला कायदा ठाऊक नव्हता असे मानणे कठीण. मुलांना ठाऊक नसेल, या भरवशावर ते घातलेले असते.

याच कायद्याचे कलम १९ प्रत्येक होतकरू लेखकाने, फक्त रॅपरने नव्हे, एकदा वाचावे. हस्तांतर लेखी आणि सहीचे हवे. कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश, किती मोबदला, हे त्यात यायला हवे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ज्याला हक्क दिले त्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत तर ते परत येतात, करारात वेगळे काही म्हटले नसेल तर. म्हणूनच अनेक छापील करारांत "कायमस्वरूपी" आणि "संपूर्ण विश्वात" असे शब्द आढळतात. 'विश्वात' हा शब्द विनोदासाठी घातलेला नसतो. हे दोन शब्द जिथे दिसतील तिथे पेन खाली ठेवावे आणि आकडा मागावा : किती वर्षे? कोणते देश? कंपनी कार्यक्रमांच्या कमाईत, जाहिरातीत आणि टीशर्टच्या विक्रीतही वाटा मागत असेल, तर त्या बदल्यात ती नेमके काय करणार हेही लिहून घ्यावे. आणखी एक बाब बारावीच्या वर्गात मुद्दाम सांगण्यासारखी आहे. अठरा वर्षे पूर्ण नसलेल्याचा करार आपल्या कायद्यात ग्राह्य नाही. सतरा वर्षांच्या मुलाकडून घाईने सही घेणारा माणूस एकतर अडाणी किंवा लबाड, आणि दोघांपासूनही दूर राहिलेले बरे.

सहीच्या आधी करायची एक गोष्ट म्हणजे कॉपीराइट सोसायटीचे सदस्यत्व. गीतकार, संगीतकार आणि संगीत-प्रकाशक यांच्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, १९६९ पासून आहे आणि २०१७ मध्ये नव्या तरतुदींनुसार तिची पुन्हा नोंदणी झाली. गाणे रेडिओवर, हॉटेलात, समारंभात, इंटरनेटवर वाजते त्याचे शुल्क ती गोळा करते आणि सदस्यांना वाटते. सोसायटीला आधी दिलेले हक्क नंतरच्या करारात दुसऱ्याला देता येत नाहीत, ते हस्तांतर रद्दबातल ठरते. म्हणजे आधी सदस्यत्व आणि मग कंपनी, हा क्रम पाळला तर अर्धे काम कायदाच करतो.

शब्द तुमचे, पण बीट कोणाचे? इंटरनेटवर हजारो बीट "फ्री" या शब्दाखाली मिळतात. बहुतेक वेळा त्याचा अर्थ सरावासाठी मोफत, असा असतो. कमाई सुरू झाली की परवाना लागतो. वीस-तीस डॉलरला मिळणारा परवाना सहसा सामायिक असतो. तोच बीट आणखी पन्नास जणांनी घेतलेला असू शकतो आणि अमुक इतक्या वेळा ऐकला गेल्यावर परवाना संपतो, असेही त्यात लिहिलेले असते. जुन्या गाण्याचा तुकडा कापून वापरायचा असेल तर गोष्ट आणखी नाजूक. १९९१ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल दिला आणि परवानगीवाचून तुकडे वापरण्याचे दिवस अमेरिकेत संपले. 'डे ला सोल' या नावाजलेल्या गटाची गाजलेली गाणी अशाच तुकड्यांच्या आणि करारांच्या गुंत्यामुळे मार्च २०२३ पर्यंत ऑनलाइन ऐकायला मिळत नव्हती. आपल्याकडचा मुलगा जेव्हा जुन्या मराठी चित्रपटातली ढोलकी उचलून बीटमध्ये बसवतो, तेव्हा कानाला ते फार गोड लागते. मात्र त्या ढोलकीचे ध्वनिमुद्रण कोणाच्या तरी मालकीचे असते. त्यापेक्षा गावातल्या घुमट वाजवणाऱ्याला किंवा भजनी मंडळाच्या पखवाजवाल्याला स्टुडिओत न्यावे, त्याला पैसे द्यावेत, त्याचे नाव घालावे आणि लेखी संमती घ्यावी. आवाजही कोणाकडे नसेल असा मिळेल.

बीट मित्राने केला असला तर वाटणीचा कागद त्याच रात्री करावा. शब्द कोणाचे, संगीत कोणाचे, किती टक्के, तारीख, सह्या : एका पानाचे काम आहे. मैत्रीत कागद कशाला, असे मुले म्हणतात. तमिळमधले 'एन्जॉय एन्जामी' हे मार्च २०२१ मधले गाणे पाहा. अरिवू या रॅपरने आपल्या आजीच्या, श्रीलंकेतल्या चहामळ्यांत राबलेल्या पिढीच्या आठवणींतून त्याचे शब्द उभे केले. धी ही गायिका सोबत होती आणि संतोष नारायणन यांनी ते संगीतबद्ध केले. कोट्यवधी वेळा ते पाहिले गेले. त्याच वर्षी एका मासिकाच्या मुखपृष्ठावर अरिवूचे छायाचित्र नव्हते म्हणून वाद झाला. २०२२ मध्ये चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या उद्घाटनात ते गाणे त्याच्याशिवाय सादर झाले, तेव्हा कोणाचे योगदान किती यावर दोन्ही बाजूंनी जाहीर निवेदने निघाली. आणि २०२४ मध्ये संगीतकारानेच सांगितले की या गाण्यातून त्यांच्यापैकी कोणालाही एक पैसा मिळालेला नाही. इतके गाजलेले गाणे, इतके गुणी लोक, आणि तरी ही अवस्था.

यानंतर येते ते कंटाळवाणे पण निर्णायक काम : माहिती भरणे. स्वतंत्र कलाकार आपले गाणे वितरक सेवेमार्फत स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक वगैरे ठिकाणी पोचवतो. त्या वेळी एक तक्ता भरावा लागतो. त्यात गीतकार, संगीतकार, निर्माता, भाषा असे रकाने असतात आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षरांकांचा क्रमांक मिळतो. मुले गीतकाराच्या रकान्यात टोपणनाव टाकतात किंवा घाईत तो मित्राच्या नावाने भरतात. मग सोसायटीच्या यादीत एक नाव, वितरकाकडे दुसरे, बँकेत तिसरे. पैसा अशा वेळी कोणाकडेच जात नाही. टोपणनाव कलाकाराच्या रकान्यात शोभते. लेखकाच्या रकान्यात आधार कार्डावरचे नाव हवे. भाषेच्या रकान्यात मराठी निवडावे. थोडी हिंदी मिसळली म्हणून 'हिंदी' निवडणारे बरेच आहेत आणि मग मराठी ऐकणाऱ्याला ते गाणे सापडत नाही. आजची नाममुद्रा या तक्त्यात असते.

पैशांबद्दल खरे तेच सांगायला हवे. ऐकण्यामागे मिळणारी रक्कम अत्यल्प असते. स्पॉटिफायवर गेल्या बारा महिन्यांत एक हजार वेळा ऐकले न गेलेले गाणे मोबदल्यास पात्रच ठरत नाही, हा नियम २०२४ पासून आहे. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळण्यासाठी एक हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तासांचे प्रेक्षण लागते. छोट्या चित्रफितींसाठी वेगळा निकष आहे. म्हणून पहिली काही वर्षे नोकरी किंवा शिक्षण सोडू नये. 'गली बॉय' २०१९ मध्ये आला आणि प्रत्येक वस्तीतल्या मुलाला आपली पाळी आली असे वाटले. चित्रपट अडीच तासांत संपतो. इथे घरभाडे दर महिन्याला येते. कमाई प्रत्यक्ष कार्यक्रमांतून, जाहिरातींच्या ओळी लिहून, नाटक-चित्रपटांसाठी गाणी देऊन, शाळांत कार्यशाळा घेऊन होते. लॉस एंजेलिसच्या निप्सी हसल याने २०१३ मध्ये आपला 'क्रेनशॉ' हा संग्रह इंटरनेटवर फुकट ठेवला आणि त्याच वेळी त्याच्या एक हजार प्रती प्रत्येकी शंभर डॉलरला विकल्या. आपल्याला ही कल्पना अगदीच परकी वाटू नये. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर भीमगीतांच्या पुस्तिका अजूनही विकल्या जातात. ऐकलेले गाणे लोक घरी नेऊ इच्छितात.

या सगळ्याआधी लेखन चांगले हवे, हे उघड आहे. त्याबद्दल दोनच गोष्टी. नव्वदच्या गतीत सोळा मात्राखंडांचे कडवे साधारण त्रेचाळीस सेकंदांत संपते. तेवढ्यात सांगण्यासारखे एक काहीतरी असावे लागते, सात नव्हे. दुसरी गोष्ट मराठीच्या घडणीतली. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते, त्यामुळे यमक आपोआप करतो-मरतो-हरतो यांवर पडते आणि चौथ्या ओळीला कान कंटाळतो. क्रियापद आत ढकलून ओळ नामावर संपवून पाहावी. वाक्य बोलण्याच्या जवळ जाते आणि यमकही अनपेक्षित ठिकाणी सापडते. भाषा कोणती, याचे उत्तर गोव्यातल्या मुलाला सोपे नाही. घरात कोंकणी, शाळेत मराठी, मैदानावर हिंदी. अशा मुलाने पुण्या-मुंबईच्या रॅपची मराठी उसनी घेतली की शब्द तोंडात बसत नाहीत. पेडणे-सत्तरीच्या वळणाची मराठी लिहावी. कोंकणी शब्द आला तर येऊ द्यावा. मुंबईच्या 'स्वदेशी' या गटाने प्रकाश भोईर यांच्यासह २०१९ मध्ये 'द वारली रिव्होल्ट' केले, त्यात आरेच्या जंगलात राहणाऱ्या माणसाचे बोलणे होते, म्हणून ते दूरवर पोचले.

टीका करणाऱ्या गाण्यांबद्दल एक सावधगिरी. एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्रात राजकीय रॅपवरून दोन तरुणांवर गुन्हे दाखल झाले. शाहिरांनाही हे नवे नव्हते. अण्णा भाऊ साठे यांच्या तमाशावर सरकारने बंदी घातली होती. लिहू नये असे मी म्हणणार नाही. वस्तुस्थिती पडताळून लिहावी, जातीवरून किंवा बाईमाणसावरून शिवी टाळावी आणि ओळखीच्या वकिलाचा नंबर जवळ ठेवावा.

महाविद्यालयांना यात काय करता येईल? वाणिज्य शाखेचे सहकारी आणि मराठी विभाग मिळून वर्षातून एकदा करार वाचण्याचा तास घेऊ शकतात. छापील कराराचा एक नमुना फळ्यावर लावला की पुरे. आणि महाविद्यालयाच्या वार्षिकांकात कवितांच्या शेजारी रॅपचे शब्द छापावेत. छापलेला, तारीख असलेला अंक ग्रंथालयात राहतो आणि दहा वर्षांनी कोणी वहीवर हक्क सांगितलाच तर दाखवता येतो. संपादकांनी मजकुराखाली लेखकाचे कागदोपत्री नाव, लिहिल्याची तारीख आणि बीट कोणाचे, एवढ्या तीन गोष्टी मात्र न विसरता छापाव्यात.